रोडसाइड असिस्टन्स घेताय? आधी विचारा, गाडी नेऊन सोडणार कुठं

रोडसाइड असिस्टन्स विकणारा माणूस तुमच्यासमोर फुकटच्या गोष्टींची यादी धरतो. पंक्चर बघू, बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट देऊ, पेट्रोल संपलं तर आणून देऊ, किल्ली आत राहिली तर दार उघडून देऊ. यादी खोटी नसते. पण साताऱ्याच्या वाढे फाट्याजवळ आमचं गॅरेज आहे, दारात एक हुकाची क्रेन आणि एक फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी अख्खी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, उभी असते. तुम्ही कॉल सेंटरला फोन लावल्यावर शेवटी जो फोन वाजतो, तो माझा. त्यामुळं ती यादी मी उलट्या बाजूनं वाचतो. पंक्चरवाला हायवेला कुठंही सापडतो. माणसं खरी अडकतात आणि कॉल सेंटरशी भांडतात ती वेगळ्याच ठिकाणी. गाडी जागेवर चालू होणार नाही हे कळलेलं असतं. मग ती उचलून न्यायची कुठं, किती लांब, आणि आतली चार माणसं जायची कशी?

पॉलिसी घेताना हा प्रश्न पहिला विचारायचा. गाडी आपल्या भागात चालवा नाहीतर लंडनला, प्रश्न बदलत नाही.

आधी घरातले कागद काढा

नवं काही विकत घेण्याआधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. नवी गाडी असेल तर बहुतेक कंपन्या वॉरंटीच्या काळापुरती ही सेवा गाडीबरोबरच देतात. पुढं ती चालू राहते की पैसे भरून वाढवावी लागते, हे शोरूमला विचारून लिहून घ्या. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाचं उरलेलं कव्हर तुमच्या नावावर येतं का, हेही तिथंच विचारा.

दुसरा कागद विम्याचा. आपल्याकडे ‘फुल्ल इन्शुरन्स आहे’ म्हटलं की सगळं आलं असा समज असतो. रोडसाइड असिस्टन्स हे त्यातलं वेगळं ॲड-ऑन आहे, म्हणजे जादा पैसे भरून जोडायची सोय. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर ॲड-ऑनची यादी छापलेली असते, त्यात नाव दिसलं तर आहे, नाहीतर नाही. कारसाठी ते सहसा काही शे रुपयांत मिळतं. पॉलिसीची प्रत मोबाइलवर पीडीएफ म्हणून येते आणि कुणी उघडत नाही. आज उघडा. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानापुरता, विमा असेल तर हे ॲड-ऑन सहसा मिळत नाही. मग रोडसाइड असिस्टन्सचं वेगळं सभासदत्व घ्यावं लागतं. तसली सेवा विकणाऱ्या खासगी कंपन्या आता बऱ्याच आहेत.

इथं एक गोंधळ मी नेहमी ऐकतो. “इन्शुरन्स हाय की, टोइंगचं पैसं त्ये देतील.” खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या ‘फुल्ल इन्शुरन्स’मध्ये, टोइंगची तरतूद असते ती अपघातानंतरची, आणि ती 1,500 रुपयांपर्यंत. क्लच जळाला, बेल्ट तुटला, सेल्फ मारत नाही, याला विमा कंपनी अपघात म्हणत नाही. आणि 1,500 रुपयांत आजच्या डिझेलच्या भावात फ्लॅटबेड साताऱ्याहून पुण्याला जात नाही, हेही सांगून ठेवतो.

रोडसाइड असिस्टन्स वापरली म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सहसा जात नाही. त्यामुळं असेल तर वापरायला कचरू नका. भर दुपारी बॉनेट उघडून तासभर वायरी हलवत बसणारे आणि मग “कव्हर आहे हो, पण म्हटलं कशाला उगीच” म्हणणारे लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात.

किलोमीटर कुठून कुठं मोजणार

आता मुद्द्याचं. जाहिरातीत ‘टोइंग फ्री’ असतं आणि खाली बारीक अक्षरांत दोनपैकी एक अट असते. एक, अमुक किलोमीटरपर्यंत. दोन, जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत. दोन्ही वाचायला बऱ्या वाटतात. आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून वाचल्या की फरक कळतो.

समजा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलात आणि कोयनानगरला गाडी बंद पडली. कराड तिथून 55-60 किलोमीटर. तुमची मर्यादा 50 ची असेल तर वरच्या किलोमीटरचे पैसे रोख. ते फार नसतात, पण दर आधी ठरलेला नसेल तर घाटातल्या अंधारात दर कुणाच्या बाजूनं ठरणार? माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तुमच्या बाजूनं नाही.

त्याहून महत्त्वाचं, किलोमीटर कुठून धरतात? गाडी बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत, की क्रेन आपल्या जागेवरून निघून परत जागेवर येईपर्यंत? दुसऱ्या प्रकारात साताऱ्याची क्रेन कासला जाऊन येईपर्यंतच तुमचे 50 संपतात, कारण कास साताऱ्याहून 25 किलोमीटरवर आहे. कॉल सेंटरला हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं “हो सर, सगळं कव्हर आहे सर” पुढं कुणी मानत नाही.

‘जवळचं अधिकृत वर्कशॉप’ ही अट मारुती-ह्युंदाईवाल्याला सोन्यासारखी आहे, कारण त्यांची वर्कशॉप तालुक्याच्या गावीसुद्धा सापडतात. पण महागडी जर्मन गाडी असेल तर सातारकरांचा प्रश्न अवघड. पुणे 110 किलोमीटरच्या पुढं, कोल्हापूर 120 च्या आसपास, आणि आपण बरोबर मध्ये. अशा गाडीला किलोमीटरची मर्यादा असलेलं स्वस्त कव्हर घेण्यात अर्थ नाही. सांगलीकरांचं त्या मानानं बरं, कोल्हापूर 50 किलोमीटरच्या आत-बाहेर. पण तेही पुण्याला निघाले आणि शिरवळ-खंडाळ्यात अडकले की आमच्याच रांगेत.

आणि रविवार. हा मुद्दा पॉलिसी विकणाऱ्या कुणाच्या डोक्यात नसतो, आमच्या रोजच्या पोटापाण्यात असतो. महाबळेश्वरहून परतणारी गाडी रविवारी संध्याकाळी पसरणी घाटात बंद पडते. मी ती उचलतो, पण अधिकृत वर्कशॉपचं शटर खाली. वॉचमन गाडी आत घेत नाही, कारण सकाळी ओरखडा दिसला तर जबाबदारी कुणाची? मग गाडी रात्रभर माझ्या आवारात. सोमवारी मी ती परत उचलून वर्कशॉपला नेतो. कंपनीच्या हिशेबी ही एक सेवा झाली की दोन? बऱ्याच योजनांत वर्षाला चारच सेवा असतात आणि एकाच बिघाडासाठी दुसऱ्यांदा टोइंग मिळणार नाही अशीही अट असते. घेण्याआधी विचारण्याच्या प्रश्नांत मी हा प्रश्न वर ठेवीन: वर्कशॉप बंद असेल तर गाडी रात्री कुठं राहणार, आणि दुसऱ्या दिवशीच्या खेपेचे पैसे कुणाचे?

माणसांचंही विचारा. चांगल्या योजनांत टॅक्सी किंवा रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मिळतात, पण ते घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे बंद पडलात तरच. शंभर किलोमीटरची अट असेल तर साताऱ्याच्या माणसाला महाबळेश्वर, पाचगणी, कराड, कोयना यातलं काहीच त्यात बसत नाही. सहकुटुंब गोव्याला, तुळजापूरला जाणाऱ्याला मात्र याचा उपयोग आहे. आमच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसतात. बंद गाडीत माणसं बसवून फ्लॅटबेडवर न्यायची नसतात, कितीही म्हणालात तरी. लहान मुलं, आजी आणि सामान अशी वरात असेल तर टॅक्सीची सोय असलेलं कव्हर घ्या.

हुक की फ्लॅटबेड

गाडी ऑटोमॅटिक असेल, इलेक्ट्रिक असेल किंवा चारही चाकांना ताकद जाणारी असेल, तर पॉलिसीत ‘फ्लॅटबेड’ हा शब्द शोधा. पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर फरफटत नेण्याची पद्धत जुन्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाड्यांना चालून जाते. ऑटोमॅटिकची ताकद जाणारी चाकं जमिनीवर फिरत राहिली तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान असतं, ते एकदा वाचा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हुकवाला दारात येऊन उभा राहिला आणि “काय होत नाय, सावकाश नेतो” म्हणाला, तर तो फोटो दाखवून त्याला परत पाठवायची तुमची तयारी हवी. माझ्याच भावकीतले लोक असं म्हणतात, म्हणून सांगतो.

फ्लॅटबेड घाटात कशी काम करते तेही कळू द्या, म्हणजे वेळ का लागतो ते समजेल. पसरणीच्या वळणावर माझी गाडी आडवी लावता येत नाही, मागं एसटी आणि टुरिस्टच्या बसेस तुंबतात. मी वर सरळ जागा मिळेपर्यंत जातो, वळवून येतो, तुमच्या गाडीच्या पुढं लावतो, मागचा पाटा तिरका खाली सोडतो. मग विंचची, म्हणजे गाडी वर ओढणाऱ्या यंत्राची, तार तुमच्या टो-हुकाला. हा टो-हुक बऱ्याच गाड्यांत स्टेपनीजवळच्या हत्यारांच्या पिशवीत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यानं बसवायचा असतो. तो मालकाला माहीत नसतो, पिशवी सामानाखाली असते. म्हणजे आधी चार बॅगा, स्ट्रॉबेरीची खोकी आणि चप्पलजोड रस्त्यावर. आज घरी बसल्या बसल्या तो हुक शोधून ठेवलात तर घाटात पंधरा-वीस मिनिटं वाचतात.

शहरात अपार्टमेंटच्या बेसमेंटला गाडी असेल तर उंचीचा प्रश्न येतो. फ्लॅटबेड आत शिरत नाही. चाकांखाली ढकलायच्या छोट्या ट्रॉल्या असलेला माणूस कंपनीकडे आहे का, हे विचारा. आणि ‘घरच्या दारात बिघाड’ कव्हरमध्ये आहे का हेही, कारण बॅटरी उतरते ती बहुतेक वेळा पार्किंगमध्येच.

ज्याला फुकट म्हणतात ते

हे थोडक्यात. पेट्रोल आणून देणं फुकट, पेट्रोल बहुधा तुमच्या पैशाचं. सीएनजी कुणी डब्यातून आणत नाही, उचलून पंपावर नेतात. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली तरी तेच, जवळच्या चार्जरपर्यंत. पंक्चर म्हणजे बहुतेक ठिकाणी स्टेपनी बदलून देणं. स्टेपनीतच हवा नसेल तर आम्ही तरी काय करणार? किल्ली हरवणं आणि आत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत राहिली तर दार उघडतो, हरवली तर टो करतो. सुटा भाग बसवला तर त्याचे पैसे वेगळे.

काय मिळणार नाही ते पान मात्र सावकाश वाचा. पक्क्या रस्त्यावरून उतरून पठारावर, नदीपात्रात, शेताच्या बांधावर अडकलेली गाडी बहुतेक योजनांत बसत नाही. पुरासारखी नैसर्गिक आपत्ती तर कित्येक ठिकाणी सरळ वगळलेली असते. सांगलीनं 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी बघितलंय, त्यामुळं हे तिथल्या माणसाला जास्त लागू. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी असताना फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि तो खर्च रोडसाइड असिस्टन्समध्येही नाही, साध्या विम्यातही सहसा नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं ॲड-ऑन आहे. कृष्णाकाठी राहणाऱ्यानं दोन्ही घ्यावीत, आणि एकालाच पैसे असतील तर इंजिनचं घ्यावं.

लडाख, ईशान्येकडची राज्यं, बेटं कव्हरमधून वगळलेली असू शकतात. तिकडं गाडी घेऊन जायचं मनात असेल तर यादी बघा.

मदत ‘45 मिनिटांत’ येईल असं छापलेलं असतं. रात्री, घाटात आणि उसाच्या सीझनला ते विसरा. नोव्हेंबरपासून आमची क्रेन निम्मी रात्र उलटलेल्या ट्रॉल्यांतच अडकलेली असते, आणि इस्लामपूर-सांगली भागातला कुठलाही क्रेनवाला तुम्हाला हेच सांगेल. कंपनी कुठली घ्यावी हे मला विचारतात तेव्हा मी नाव सांगत नाही. एक युक्ती सांगतो. तुम्ही नेहमी जाता त्या रस्त्यावरच्या दोन-तीन क्रेनवाल्यांना विचारा, “कुठल्या कंपनीचे कॉल घेता आणि कुठल्या कंपनीचे टाळता?” ज्या कंपन्या आमची बिलं महिनोन्‌महिने थकवतात, त्यांच्या कॉलला आम्ही ‘गाडी बाहेर आहे’ म्हणतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

गाडी बंद पडल्यावर

आधी माणसं बाहेर, कठड्याच्या पलीकडे. मग ब्लिंकर, मग त्रिकोण बराच मागं. फोन त्यानंतर. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा हेल्पलाइन नंबर आहे. टोलच्या पट्ट्यात गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवलेली असते. ती तुमची गाडी रस्त्यातून बाजूला काढते, गावच्या गॅरेजला पोचवत नाही. म्हणजे 1033 जीव वाचवायला, आणि पॉलिसीचा नंबर गाडी घरी आणायला. कुणी जखमी असेल तर 108 किंवा 112.

पॉलिसीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. कस्टमर केअरच्या नावानं खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे बसलेले आहेत. पॉलिसीच्या कागदावरचा नंबर आजच सेव्ह करा, आणि बायकोच्या, मुलाच्या मोबाइलमध्येही.

जागा सांगताना दिशा सांगा. “खंबाटकीत आहे” म्हटलं की मला काहीच कळत नाही. साताऱ्याकडे येणारा रस्ता वेगळा, पुण्याकडे जाणारा वेगळा, दोन्ही एकेरी. चुकीच्या बाजूला क्रेन शिरली की लांबचा वळसा. नवे बोगदे आले तरी हा प्रश्न असाच राहणार. म्हणून “पुण्याकडे तोंड, बोगद्याच्या अलीकडे, किलोमीटरचा दगड अमुक” असं सांगा आणि व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका. घाटात रेंज जाते, त्यामुळं रेंज असेपर्यंतच टाका.

कुणीही न बोलावता येऊन “साहेब, कंपनीनंच पाठवलंय” म्हणणाऱ्या क्रेनला हुक लावू देऊ नका. कॉल सेंटरनं पाठवलेल्या मेसेजमध्ये ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर असतो, तो जुळवा.

परदेशात

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिनं जुनी गाडी घेतली तेव्हा फोन आला, “मामा, इथं ब्रेकडाउन कव्हरचे इतके प्रकार आहेत, तुम्हीच सांगा आता.” मी तिला योजनांची पानं पाठवायला सांगितली. वाचली तर प्रश्न आमच्या पसरणी घाटातलेच निघाले, फक्त तिथं प्रत्येक उत्तराचं वेगळं पॅकेज करून विकतात.

तिथं असं कव्हर विकणाऱ्यांत एए, आरएसी, ग्रीन फ्लॅग ही जुनी नावं. आरएसी 1897 ची, एए 1905 ची. सगळ्यात स्वस्त पायरीवर माणूस येतो, जागेवर दुरुस्त करतो, नाहीच झालं तर जवळच्या गॅरेजला किंवा सुमारे दहा मैलांपर्यंत नेतो. दुसरी पायरी, गाडी देशात तुम्ही सांगाल तिथं नेणं. तिसरी, घराच्या दारातली मदत. साध्या कव्हरमध्ये घरापासून पाव मैलाच्या आत बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा धरत नाहीत. चौथी, पुढच्या प्रवासाची सोय म्हणजे भाड्याची गाडी, रेल्वे किंवा हॉटेल. भाचीला मी सांगितलं, जुनी गाडी आहे, थंडीत बॅटरी दारातच उतरणार, त्यामुळं घरची पायरी घे. आणि स्कॉटलंडला जायचं म्हणतेस तर देशभर नेणारी घे. हॉटेलचं राहू दे, लेकरं नाहीत अजून.

तिथं कव्हर गाडीचं घ्यायचं की माणसाचं, हाही प्रश्न असतो. माणसाचं घेतलं तर दुसऱ्याच्या गाडीत बसलेले असलात तरी मदत मिळते. नवरा-बायको एकच गाडी वापरत असतील तर गाडीचं पुरतं. शिवाय काही स्वस्त योजनांत आधी खिशातून द्यायचे आणि मग पावती लावून परत मागायचे असतात. रात्री एम-1 मोटरवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या महामार्गावर, थांबलेल्या माणसाच्या कार्डात तेवढे पैसे हवेत. काही मोटरवेला कडेची मोकळी पट्टीच नसते, तिथं ठरावीक अंतरावरच्या थांब्यापर्यंत गाडी रेटायची आणि नारिंगी फोन वापरायचा. कव्हर विकत घेतल्या घेतल्या लागू होत नाही, बऱ्याच ठिकाणी 24 तास थांबावं लागतं. म्हणजे बंद पडल्यावर घेऊ, हे चालत नाही.

तिनं गाडी घेऊन समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जायचं ठरवलं, तेव्हा युरोपचं कव्हर वेगळं घ्यावं लागलं. ते घेताना गाडीचं वय बघा, जुन्या गाड्यांना कित्येक कंपन्या नाही म्हणतात. गाडी मायदेशी परत आणण्याची मर्यादा बघा. बहुधा ती गाडीच्या किमतीएवढीच असते, म्हणजे स्वस्त गाडी तिकडंच भंगारात सोडावी लागू शकते. फ्रान्सच्या टोलच्या मोठ्या रस्त्यांवर, म्हणजे ऑटोरूटवर, स्वतःच्या कंपनीची क्रेन बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी फोनवरून किंवा 112 ला फोन करून तिथली अधिकृत क्रेन घ्यावी लागते. दर सरकारनं ठरवलेला असतो. पावती सांभाळायची आणि नंतर कव्हरवाल्याकडून पैसे मागायचे. त्रिकोण आणि चमकणारं जाकीट गाडीत असणं तिथं सक्तीचं आहे, आणि जाकीट डिकीत नाही, हाताशी, कारण ते घालूनच खाली उतरायचं. नंबर प्लेटवर ‘यूके’ नसेल तर गाडीला ‘यूके’चा स्टिकर लागतो. ‘जीबी’चा जुना 2021 पासून चालत नाही.

आपल्या इथून जाणारे बहुतेक लोक मात्र तिकडं गाडी भाड्यानं घेतात. दुबईला मुलाकडे, युरोपात फिरायला. भाड्याच्या गाडीबरोबर साधी मदत असते, ती गाडीच्या बिघाडाला. टायर फुटला, किल्ली हरवली, दिवे चालू राहून बॅटरी उतरली, डिझेल गाडीत पेट्रोल भरलं, हे सगळं ‘चालकाची चूक’ म्हणून बाहेर ठेवतात आणि काउंटरवर जादा पैशांत विकतात. यातलं डिझेल-पेट्रोलचं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. इथं पंपावर पोरगा भरतो, तिथं तुम्हीच नळी हातात घेणार. त्यासाठी जादा कव्हर घ्या. बिघाड झाला तर भाडं देणाऱ्या कंपनीच्याच नंबरवर फोन करा, रस्त्यावरचा क्रेनवाला स्वतः बोलावू नका, त्याचे पैसे कंपनी नाकारू शकते. गाडी एका देशातून दुसऱ्यात नेणार असाल तर परवानगी आधी कागदावर घ्या, नाहीतर सीमेपलीकडे मदतही नाही आणि विमाही नाही. आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच न्यायचं. साताऱ्याला, सांगलीला, कराडला, ज्या आरटीओचं लायसन्स आहे तिथं मिळतं. फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्याच्याबरोबर मूळ लायसन्सही खिशात लागतं.

स्वतःची गाडी घेऊन देशाबाहेर जाणारे आपल्याकडे बहुतेक नेपाळला जातात, पशुपतिनाथाला. सुनौलीची सीमा ओलांडली की तुमचा रोडसाइड असिस्टन्सचा नंबर कामाचा राहत नाही. विम्याची हद्दही मुळात भारतापुरतीच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपुरती ती वाढवून मिळते, थोडा जादा हप्ता भरून. पण ते पत्र निघण्याआधी विमा कंपनीकडून घ्यावं लागतं. नेपाळच्या हद्दीत सीमेवरच भन्सार, म्हणजे तिथला कस्टम्सचा कर, भरून गाडीचा परवाना काढायचा, त्यावर तारखा असतात. गाडी बंद पडून मुक्काम लांबला तर आधी भन्सार वाढवा, मग गॅरेजकडे बघा. निघताना फॅन बेल्ट, क्लचची केबल असेल तर ती, कूलंटचा कॅन, जंपर केबल आणि हवा भरलेली स्टेपनी बरोबर घ्या. सीमेच्या अलीकडे गोरखपूरला गाडी एकदा रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या. तिथं बिघाड सापडला तर तुमचं कव्हर अजून चालू असतं.